सुईशी मैत्री करायची सक्ती नाही

मागच्या अंकात इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, कसं वापरायचं यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पेनाबद्दलचे प्रश्न मोजकेच आहेत. बाकी सगळं मनातलं आहे: लाज, धास्ती, चिडचिड, कंटाळा. या वेळी त्याच पत्रांना उत्तरं देते. मी डायबिटीसच्या क्लिनिकमध्ये समुपदेशनाचं काम करते आणि स्वतःही रोज इन्सुलिन घेते. हे आधीच सांगितलं म्हणजे माझं कुठलं बोलणं कुठून येतंय ते तुम्हाला ओळखता येईल. कुठलं इन्सुलिन आणि किती युनिट, हे मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : आदरणीय ताई, माझं वय ५८. बारा वर्षांपासून डायबिटीस आहे. चालणं सोडलं नाही, गोळ्या चुकवल्या नाहीत. तरी वर्षभरात रिपोर्ट बिघडत गेले आणि आता डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन सुरू करू. पेन आणून पंधरा दिवस झाले, फ्रिजच्या दारात तसंच पडून आहे. बायकोला मात्र ‘सुरू केलंय’ असं सांगितलंय. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, हे डोक्यातून जात नाही. माझ्या थोरल्या भावाला इन्सुलिन लागलं आणि दोन वर्षांत त्याची दृष्टी गेली. माझं काय कमी पडलं, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, झोप ज्या प्रश्नाने उडाली आहे तो आधी घेऊ. तुमचं काही कमी पडलेलं नाही. टाइप २ डायबिटीस मुळात पुढे सरकत जाणारा आजार आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आपल्या स्वादुपिंडात असतात, त्यांना बीटा पेशी म्हणतात. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं हजारो रुग्णांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात असं आढळलं की डायबिटीसचं निदान होतं तेव्हाच या पेशींचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढेही ते कमी होत जातं. नुसत्या पथ्यावर असलेल्यांचंही झालं आणि गोळ्यांवर असलेल्यांचंही झालं. त्या उतरत्या बाजूवर तुम्ही चालून आणि वेळेवर गोळ्या घेऊन बारा वर्षं तग धरलीत. आता शरीरात जे कमी पडतंय ते बाहेरून द्यायचं आहे, एवढाच डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ.

मग हा अपराधीपणा येतो कुठून? बऱ्याचदा तो आम्हीच दिलेला असतो. ‘साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर इन्सुलिन लावावं लागेल’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं असेल ते आठवून बघा. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, घाईत तोंडातून निघून जातं. पण ज्याची दहा वर्षं धमकी दिली तेच पुढे औषध म्हणून हातात ठेवलं, तर माणूस ते शिक्षा समजूनच घेणार. मला या वाक्याची चीड आहे. क्लिनिकमध्ये कोणी ते उच्चारलं की मी तिथल्या तिथे टोकते.

भावाचं दुःख मोठं आहे, ते मी एका ओळीत उडवून लावणार नाही. पण दोन गोष्टींचा क्रम बघा. वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्याचं नुकसान कित्येक वर्षं गुपचूप करत असते. इन्सुलिन बहुतेकांना फार उशिरा सुरू होतं, तोवर पडदा खराब झालेलाच असतो. मग इन्सुलिन आलं आणि डोळे गेले, असं घरच्यांना एकापाठोपाठ दिसतं आणि जे शेवटी आलं त्याच्या माथी दोष बसतो. मूत्रपिंडाच्या आणि पायाच्या जखमांच्या ज्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील, त्यांतल्याही बऱ्याचशा अशाच असतात. एक बारीकसं सत्य मात्र लपवत नाही. पडदा आधीच बिघडलेला असेल आणि साखर एकदम झपाट्याने खाली आणली, तर तो काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणून सुरुवात करतानाच डोळ्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. भावाची आठवण अशी कामी येऊ द्या.

आता बायकोला सांगितलेली थाप. मला तुमच्या खरेखोटेपणाची चिंता नाही, डोसाची आहे. पुढच्या भेटीत डॉक्टर वाढलेली साखर बघतील. तुम्ही इन्सुलिन घेताय असं त्यांना वाटेल आणि ते डोस वाढवतील. त्यानंतर एखाद्या दिवशी तुम्ही हिय्या करून सुई टोचाल ती थेट वाढवलेल्या डोसाची. पहिल्याच खेपेला साखर खाली घसरेल आणि इन्सुलिनबद्दलची तुमची सगळी भीती तुम्हाला खरी वाटायला लागेल. तेव्हा आजच बायकोला सांगा: ‘अजून सुरू केलेलं नाही, भीती वाटते.’ जास्त खुलाशाची गरज नाही. त्यांना अंदाज आलेला असण्याचीच शक्यता जास्त आहे, फ्रिज त्याही उघडतात.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण न बघितलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. क्लिनिकमध्ये मी सुईवरचं टोपण काढून ती समोरच्याच्या तळहातावर ठेवते. पेनाची सुई आता ४ मिलिमीटरचीही मिळते. माणूस जाड असो की बारीक, त्याची कातडी साधारण दोन-अडीच मिलिमीटरच जाड असते, त्यामुळे एवढी सुई पुरते. बहुतेकांचा पहिला शब्द असतो, ‘एवढीच?’ मग सुई पेनाला लावायची, २ युनिटवर आणून हवेत सोडायची, टोकाशी थेंब दिसला म्हणजे वाट मोकळी आहे. मग आपला डोस. प्रत्येक युनिटला टिक आवाज येतो, तो ऐकत फिरवायचं. पोटावर बेंबीपासून चार बोटं बाजूला सुई सरळ आत, बटण शेवटपर्यंत दाबायचं, सावकाश दहा आकडे मोजायचे, बाहेर काढायची. ‘झालं?’ हा दुसरा ठरलेला शब्द. काहींना इथे रडू येतं. दुखलं म्हणून नव्हे, इतके महिने जे ताणून धरलेलं असतं ते सुटतं. रडू आलं तर येऊ द्या.

‘आता आयुष्यभर’ हा विचार पहिल्या दिवशी करू नका. तीन महिन्यांसाठी घेऊन बघा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, म्हणजे एचबीए१सी, तेव्हा पुन्हा होईल. त्याआधीच तुम्हाला कदाचित रात्री लघवीला कमी वेळा उठावं लागेल आणि दुपारची ती जडशीळ मरगळ कमी झालेली जाणवेल. वजन दोन-तीन किलो वाढू शकतं, तेही आत्ताच सांगून ठेवते. लघवीवाटे वाया जाणारी साखर शरीराच्या उपयोगाला यायला लागते, म्हणून ते वाढतं. आणि हो, वापरात असलेलं पेन फ्रिजमधून बाहेर काढा. थंडगार इन्सुलिन जास्त चुणचुणतं. ऊन आणि उकाडा टाळला तर उघडलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, नक्की मुदत खोक्यावर बघा.

कोणीतरी तुम्हाला सल्ला देईल की इन्सुलिनला मित्र माना. मानायचं तर माना. मी इतकी वर्षं घेतेय, माझी काही त्याच्याशी मैत्री वगैरे झालेली नाही. मैत्री न होता घेतलं तरी ते तेवढंच काम करतं.

प्रश्न : एकदा सुरू केलं की शरीराला इन्सुलिनची सवय लागते आणि मग ते सुटत नाही, हे खरं का?

उत्तर : सवय लागत नाही. इन्सुलिन हे शरीर जन्मापासून स्वतः बनवत आलेलं संप्रेरक आहे, व्यसन लावणारा पदार्थ नव्हे. मोठी शस्त्रक्रिया, गरोदरपण, स्टेरॉइडची औषधं किंवा निदानाच्या वेळी फारच वाढलेली साखर, अशा कारणांसाठी सुरू केलेलं इन्सुलिन बऱ्याच जणांचं नंतर बंद होतं. टाइप २ मध्ये वर्षं उलटल्यावर सुरू झालं असेल तर ते बहुधा चालू राहतं, कारण शरीराची स्वतःची निर्मिती कमी झालेली असते. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्या प्रकारात, मात्र कधीच बंद करायचं नसतं. काही खाल्लं नाही, उलट्या होतायत, म्हणून आपल्या मनाने बंद केलं तर एखाद्या दिवसातच जिवावर बेतू शकतं. ‘हे घ्या आणि इन्सुलिन सोडा’ असं सांगणारा कोणी भेटला, तर तो टाइप १ आणि टाइप २ मधला फरक तरी विचारतो का, एवढं बघा.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर दोन वर्षांपासून दोन वेळा इन्सुलिन घेतात. मागच्या महिन्यात पहाटे त्यांच्या अंगाला घाम फुटून उशी भिजली, बोलणं तोतरं झालं. साखर बघितली तर ५२. साखरेचं पाणी पुढे केलं तर हात झटकला, पेला खाली पडला आणि मला नको ते बोलले. पंचवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. आता मी रात्री उठून उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघते. ते वैतागतात, ‘मी काय तान्हं बाळ आहे का?’ आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून इन्सुलिन कमी घेऊन साखर मुद्दाम दोनशेच्या वर ठेवतात. आमच्यात कोण चुकतंय?

उत्तर : तुम्हाला बोलले ते साखर खाली गेल्यामुळे. मेंदूला चालायला सतत ग्लुकोज लागतं. ते कमी पडलं की विचार करणारा भाग आधी लंगडा होतो, आणि त्याच वेळी ॲड्रेनलिन सुटलेलं असतं. घाम, थरथर, धडधड आणि अंगावर धावून येणं, सगळं त्याचं. त्या वेळच्या बोलण्याचा हिशोब मागू नका. त्यांना ते आठवतही नसेल. मात्र शुद्धीवर असताना त्यांनी त्या पहाटेबद्दल तुमच्याशी बोलायला हवं. तुम्ही घाबरलात, ते पांघरुणाखाली ढकलण्यासारखं नाही. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

ते साखर वर ठेवतात ते हट्टापायी नव्हे. त्यांनाही भीती वाटते, फक्त ती कपाळाला हात लावण्याऐवजी डोस कमी करण्यातून बाहेर पडते. दोघे एकाच गोष्टीला घाबरलात आणि दोन दिशांना पळताय. म्हणून एकत्र डॉक्टरांकडे जा आणि ५२ चा आकडा वेळेसकट सांगा. पहाटे साखर खाली गेली याला कारण असतं: संध्याकाळचा डोस जास्त होत असेल, त्या दिवशी जेवण कमी झालं असेल, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त कष्ट पडले असतील, दारू घेतली असेल. कारण सापडलं की डोस किंवा त्याची वेळ बदलता येते. मनातली भीती ओसरेपर्यंत लक्ष्य थोडं वर ठेवू का, हेही डॉक्टरांना उघड विचारा. ठरवून थोडं वर ठेवणं वेगळं आणि चोरून दोनशेवर नेणं वेगळं. सतत साखर मोजणारा सेन्सर दंडाला लावायची सोय आता आहे. साखर उतरायला लागली की तो मोबाइलवर गजर देतो. परवडत आणि मिळत असेल तर काही महिने लावून बघा. तुमची रात्रपाळी त्याच्याकडे जाईल.

हा तक्ता दोघांनी मिळून पाठ करा. साखर ७० च्या खाली म्हणजे उपाय करायचा. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर जेवणाला वेळ असेल तर थोडं काहीतरी खायचं. ५४ च्या खाली गेली असेल तर ते गंभीर समजायचं आणि डॉक्टरांना कळवायचंच. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, घरी ग्लुकागॉन (साखर वर आणणारं औषध) असेल आणि वापरायला शिकवलेलं असेल तर द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची.

आणि एक करार भरदिवसा, साखर चांगली असताना करा. त्यांनी म्हणायचं: ‘मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तू देशील ते पिईन, वाद नंतर घालीन.’ त्याच्या बदल्यात तुम्ही म्हणायचं: ‘मी रात्री उठून बघणार नाही, झोपण्यापूर्वी तुम्ही स्वतः तपासून मला आकडा सांगा.’ एक पथ्य तुमच्यासाठी. घरात कशावरूनही वाद झाला की ‘आधी तुमची साखर बघा’ असं म्हणायचं नाही. नवऱ्याला कधीकधी नुसताच राग आलेला असतो.

प्रश्न : मी २४ वर्षांची. अकराव्या वर्षापासून टाइप १ आहे. नवीन नोकरीत कोणालाच माहीत नाही. जेवणापूर्वी टॉयलेटमध्ये जाऊन इंजेक्शन घेते, कधी मैत्रिणी सोबत असल्या की राहूनच जातं. आई म्हणते, ‘कशाला सांगायचं, लोक नजर बदलतात.’ एका मुलाशी जवळीक वाढतेय, त्यालाही सांगितलेलं नाही. सांगायलाच हवं का?

उत्तर : एका मुलीची गोष्ट सांगते. एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक. तुझ्यासारखंच अकराव्या वर्षी निदान झालं, पण तेव्हा इन्सुलिन नव्हतं. उपाशी ठेवून जगवायचं, एवढा एकच उपचार होता. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं तेव्हा पंधरा वर्षांची व्हायला आलेल्या या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास उरलं होतं. इन्सुलिन त्याच वर्षी जानेवारीत पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं होतं. एलिझाबेथ सावरली, शिकली, लग्न केलं, तिला मुलं झाली आणि १९८१ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी ती गेली. तोवर तिने चाळीस हजारांहून जास्त इंजेक्शनं घेतली होती. आणि आपला डायबिटीस तिने जवळपास आयुष्यभर लोकांपासून लपवला.

तेव्हा लपवल्याने वाटोळंच होतं, असं मी म्हणणार नाही. तिचं झालं नाही. पण तिच्या पायाशी गडी-माणसं होती, तुझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. लपवण्यापायी तुझा डोस राहतोय, हा माझा आक्षेप. बाकी ज्याला त्याला सांगत सुटायची काही गरज नाही, तुझा आजार तुझा खाजगी आहे. ऑफिसात एका माणसाला मात्र ठाऊक असायला हवं. बोलता बोलता तू गडबडलीस, घामाघूम झालीस, तर तुझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज आहे हे त्याला माहीत हवं. आधी ज्या मैत्रिणीबरोबर जेवतेस तिच्यापासून सुरुवात कर. भाषण देऊ नकोस. डबा उघडताना म्हण, ‘मला जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, दोन मिनिटं.’ आणि तिथेच, टेबलाखाली हात नेऊन, घेऊन टाक. ती एकदोन प्रश्न विचारेल. ‘गोड जास्त खाल्लं होतंस का?’ हाही विचारेल. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या बीटा पेशी मारते, साखर खाल्ल्याने तो होत नाही, एवढं उत्तर तयार ठेव. चौथ्या दिवशी ती तुझ्या पेनाकडे बघणारसुद्धा नाही. टॉयलेटमध्ये घेणं तर आजपासून बंद. जागा अस्वच्छ असते आणि घाईत दहा आकडे कोणी मोजत नाही.

मुलाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिल्या भेटीत सांगायलाच हवं असं नाही, पण नातं कुठल्याही वचनापर्यंत पोहोचायच्या आत सांगायचं, आणि तूच सांगायचं. त्याला ते तिसऱ्याकडून कळलं तर बोलणं आजाराचं राहत नाही, विश्वासाचं होतं. ऐकून तो दुरावला तर दुखेल, फार दुखेल. तरी ते आत्ता कळलेलं बरं. आईवर चिडू नकोस. अकरा वर्षांच्या पोरीला पहिली सुई कदाचित तिनेच टोचली असेल, तिची धास्ती अजून त्या वयातच अडकली आहे.

प्रश्न : बावीस वर्षं झाली इन्सुलिन घेऊन. आता वीट आलाय. तपासणं सोडून दिलंय. डॉक्टरांना दाखवायच्या डायरीत आदल्या रात्री बसून आकडे लिहितो, ११०, १२५, १४० असे. ते ‘छान’ म्हणतात. मला स्वतःचीच लाज वाटते.

उत्तर : लाज बाजूला ठेवा, तुमच्यासारख्या डायऱ्या मी नेहमी बघते. ओळखायला सोप्या असतात. सगळे आकडे एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने, शेवटी शून्य नाहीतर पाच. खऱ्या डायरीची पानं मळकी असतात, कोपऱ्यात रक्ताचा ठिपका असतो, मधेच एखादा २८७ आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. तुमच्या डॉक्टरांनाही कदाचित कळलं असेल. ‘छान’ म्हणून तेही सुटले आणि तुम्हीही सुटलात.

वीट येणं हा आळस नव्हे. इतक्या वर्षांत एकही सुट्टी नसलेलं काम तुम्ही करताय. या थकव्याची डायबिटीसच्या उपचारांत वेगळी दखल घेतली जाते. तो मोजायला १९९५ सालापासून वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तुमच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना तिच्याबद्दल विचारा. कधीकधी नुसते ते प्रश्न वाचूनच लोक म्हणतात, हे माझंच लिहिलंय.

पुढच्या भेटीत डायरी घरी ठेवा आणि सांगा: ‘गेले काही महिने मी तपासलेलं नाही, आकडे मनाचे आहेत.’ मग विचारा: ‘पुढचे दोन महिने कमीत कमी काय केलं तर मी सुरक्षित राहीन?’ हा प्रश्न डॉक्टरांना आवडो न आवडो, विचाराच. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन चुकवायचं नाही, ही त्यातली न हलणारी अट असेल. तपासणीच्या वेळा कमी करून मोजक्याच ठेवता येतील. गाडी चालवण्याआधी तपासणं मात्र सोडू नका. काही दिवस मीटरच्या आकड्यांकडे घरच्या कोणी बघायचं नाही, हेही ठरवता येतं. आकडा दिसला की घरातलं माणूस काहीतरी बोलतंच, आणि अर्धा वीट त्या बोलण्याचाच असतो.

एक गोष्ट तुमची तुम्हीच पडताळून बघा. कंटाळा फक्त डायबिटीसचा आहे, की आवडत्या गोष्टींतही मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळंच उदास वाटतंय? तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर वेगळा उपचार आहे आणि तो लागू पडतो. आणि जगूच नये असा विचार मनात येऊन गेला असेल, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा, आणि तोवर इन्सुलिन घरच्यांच्या हाती ठेवा.

प्रश्न : आई ७६ वर्षांची. हात थरथरतात, नजर कमी झाली आहे, म्हणून रोज मीच इन्सुलिन देतो. तिला फार ओशाळल्यासारखं होतं. ‘तुला माझ्यापायी किती त्रास’ असं रोज म्हणते. ठरलेल्या एकाच जागी घ्यायला सांगते, तिथे म्हणे दुखत नाही. काय करावं?

उत्तर : सगळं तुम्ही करू नका, तिच्याकडे थोडं काम ठेवा. युनिट तुम्ही फिरवा, टिकटिक तिला मोजू द्या. चष्म्याशिवायही ते जमतं, आणि तुमची चूक झाली तर पकडायला दुसरा कान असतो. सुई आत असताना दहा आकडेही तिनेच मोजायचे. ‘त्रास’ म्हणाली की ‘नाही गं’ म्हणून विषय मिटवू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे, पण मोजायला तू लागतेस’ म्हणा. हे खरंही आहे.

जागेचं मात्र तिचं ऐकू नका. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची गाठ तयार होते. तिथे दुखत नाही हे तिचं निरीक्षण बरोबर आहे, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी तर कधी भलत्याच वेळी. बोटांनी चाचपून बघा, जाडसर किंवा रबरासारखं लागलं तर ती जागा काही महिने सोडून द्या. पोटाचे चार भाग करा, दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक सुई आधीच्या जागेपासून एक बोट लांब. बदल करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. चांगल्या जागेतून तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून ते कदाचित तो कमी करायला सांगतील. पहिले काही दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि ग्लुकोज तिच्या उशाशी ठेवा.